वठलेल्या माडातली पिल्लं

तेरेईने शिडी वठलेल्या माडाला टेकवली, खालच्या पायरीवर एक पाय ठेवून दाब दिला, आणि खोड करकरल्यावर पाय पुन्हा जमिनीवर घेतला.

"हा माझ्यासकट पडायचा," तो म्हणाला.

"पड की," त्याची आई, पोको मावशी, ओसरीवरून म्हणाली. "खड्डा इथेच खणू. मेरेआनाच्या शेजारी जागा आहे."

मेरेआनाचं थडगं घराच्या पुढ्यातच होतं, चार खांबांवर पत्र्याचं छप्पर घातलेलं, आणि माड नेमका त्या छपराकडे कलला होता. त्याचा शेंडा मागे एका वादळात गेला होता. उरला होता तो नुसता सोट, आतून भुसभुशीत झालेला, आणि वरच्या अंगाला मुठीएवढी गोल ढोली. आकाइती कमरेवर हात ठेवून त्या ढोलीकडे बघत होती. ती आदल्या दिवशीच ऑकलंडहून आली होती. शनिवारी तिच्या आईच्या, मेरेआनाच्या, थडग्यावर नवा दगड बसवून त्याच्यावर झाकलेली गोधडी सगळ्यांच्या देखत उचलायची होती, वर्षानंतर करतात तशी. सगळा गोतावळा जेवायला येणार, मांडव घालायचा तो या माडाच्या खालीच, आणि माड कधी कुणाच्या टाळक्यात बसेल याचा नेम नाही.

"चढ रे तू," ती तेरेईला म्हणाली. "काय ते एकदाचं बघून सांग. रिकामी असेल तर आत्ताच करवत चालव."

इविरुआ गावात यांत्रिक करवत चालवायची ती तेरेईने, विमानतळावर माणसं आणि सामान तोलायचं तेही त्यानेच, आणि चर्चमध्ये खर्जात गायचं तेही. त्यामुळे त्याला नाही म्हणायची सवय राहिली नव्हती. तो चढला. मोबाइलचा उजेड ढोलीत टाकला. आतून चिरचिर ऐकू आली, अगदी खालपर्यंत.

"पिल्लं आहेत," तो वरून म्हणाला.

"किती?"

"तीन चोची दिसल्या. चौथी असेल खाली दबलेली. सगळ्या आ वासून."

तो उतरला, शिडी आडवी केली, आणि करवत गाडीतून बाहेर न काढताच तिच्यावर ताडपत्री ओढली. ओसरीच्या टोकाला आकाइतीचा बाप, तुआरा, नारळ खवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"मी फोनवर सांगितलंच होतं," तो म्हणाला.

तांगाएओ बसलेलं झाड इविरुआत कुणी पाडत नाही. हा खंड्या साऱ्या जगात फक्त मांगाइया बेटावर आहे, असं शाळेच्या भिंतीवरच्या चित्राखाली लिहिलेलं आहे. पण ते चित्र लागण्याआधीही कुणी पाडत नव्हतं. शहाणपण म्हणा, सवय म्हणा. नाहीतर पाखरू म्हणून त्याच्या प्रेमात पडावं असं त्यात काही नाही. मेरेआना तर त्याला शिव्या घालायची. तारेवर बसून धुतलेल्या चादरींवर शिटायचं, कोंबड्याच्या आधी किटकिट सुरू करायची, आणि खंड्या म्हणवून घेऊन मासे धरायला समुद्राकडे फिरकायचं नाही. सापसुरळ्या, नाकतोडे, गोगलगायी, असल्या रानातल्या मेव्यावर ते पोट भरतं.

पण आकाइतीचं घोडं त्या माडापाशी का अडलं होतं, ते सांगायला हवं. मागच्या वर्षी सप्टेंबरात मेरेआनाला पुरलं, त्या दिवशी आकाइती बापाला म्हणाली होती, माझ्याबरोबर चला, इथे एकटे कसे राहाल. तुआराने सगळ्यांच्या देखत शब्द दिला होता: तिचा दगड बसू दे, गोधडी उचलली की येतो. आणि तुआराचा शब्द म्हणजे काय चीज आहे ते गावाला माहीत होतं. तरुणपणी तो एकदा म्हणून गेला होता, की इविरुआ सामना जिंकेपर्यंत दाढी करणार नाही. इविरुआ हरत राहिलं आणि हा लग्नात वेदीपुढे जंगली रेड्यासारखा उभा राहिला. मेरेआनाचे त्या दिवसाचे सगळे फोटो रागावलेले आहेत.

वर्ष उलटलं. दगड रारोटोंगाहून बोटीने आला, पण सिमेंट आलं नाही. सिमेंट आलं तेव्हा तुआराचा फोन गेला, की माडात तांगाएओ बसलाय, माड पाडल्याशिवाय मांडव घालता येत नाही आणि पिल्लं उडाल्याशिवाय माड पाडता येत नाही. आकाइतीने ऑक्टोबर सोडला, नोव्हेंबर सोडला. डिसेंबरात मात्र तिने कुणाला न विचारता दोन तिकिटं काढली, तिचं आणि बापाचं, आणि येऊन थडकली.

तिचंही चूक नव्हतं. ऑकलंडला ती म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत कामाला होती. सकाळी लोकांच्या बापांना आंघोळी घालायच्या, त्यांना घास भरवायचे, त्यांची तीच गोष्ट दहांदा ऐकायची. आणि इकडे तिचा स्वतःचा बाप जुलैत माकातेआच्या प्रवाळी खडकात पाय घसरून पडला, पोटरी फाटली, आणि सकाळपासून तिथेच पडून राहिला. संध्याकाळी बकऱ्यांच्या मागावर गेलेल्या पोरांच्या कुत्र्यांना तो सापडला. तिला हे कळलं ते जखमेला खपली धरल्यावर. त्या दिवशी ती कामावरच्या न्हाणीघरात दार लावून रडली होती. बाप आपल्या डोळ्यांसमोर हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि तिला घरात एकटीला जेवण जात नव्हतं हेही खरं होतं.

संध्याकाळी जेवताना तिने तोडगा काढला.

"माड राहू दे उभा," ती म्हणाली. "मांडव पलीकडच्या अंगाला घालू."

तुआराने अळूच्या पानांचा घास अर्ध्यावर थांबवला. "पलीकडे डुकरं आहेत."

"डुकरं हलवू."

"त्यांना जागा बदललेली सोसत नाही."

"पापा, शनिवारी खायचीच आहेत ती."

पोको मावशीला असा ठसका लागला की तेरेईला तिच्या पाठीत थापटावं लागलं. तुआरा हसला नाही. त्याने घास तोंडात घातला, सावकाश चावला.

"म्हणजे दगड बसतोय," तो म्हणाला.

"बसतोय. आणि सोमवारचं विमान आहे. तुमचा शब्द आहे."

"आहे," तुआरा म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आकाइतीला जाग आली ती ओसरीची फळी वाजली म्हणून. बाप काठी घेऊन बाहेर पडला होता. एवढ्या लवकर तो कुठे जातो हे तिने विचारलं नव्हतं. म्हातारी माणसं लवकर उठतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण खडकातल्या त्या दिवसाची आठवण झाली आणि ती चपला घालून मागोमाग निघाली.

तो खडकांकडे गेला नाही. खाली, तारोच्या, म्हणजे अळूच्या, वाफ्यांकडे वळला. वाफ्याच्या बांधावर एक उपडी बादली होती, तिच्यावर बसला. चिखलात हात घालायची काही चिन्हं नव्हती. नुसता बसून समोर बघत होता. आकाइती केवड्याच्या बनाआड थांबली आणि तो काय बघतोय ते बघू लागली.

वाफ्याच्या पलीकडे एक मेलेलं झाड होतं, साल गळून पांढरं पडलेलं. त्याच्या समोर, दुसऱ्या झाडाच्या फांदीवर तांगाएओ बसला होता. पाठ हिरवट निळी, पोट पांढरं, आणि मानेभोवती गंजाच्या रंगाचा पट्टा. तो जरा वाकला आणि तीरासारखा सरळ त्या झाडावर जाऊन आदळला, चोचीने. टक् असा आवाज आला. आदळून तो खाली कोसळला, कोसळता कोसळता पंख सावरून वळला आणि फांदीवर येऊन बसला. मग दुसरा उडाला, ती मादी असेल किंवा पहिलीच मादी आणि हा नर असेल, त्यांच्यात सांगता येत नाही. तीही तशीच आदळली. टक्. झाडावर रुपयाएवढा ओरखडा पडला होता, बस. पुन्हा पहिला गेला. पायाला आधार मिळेपर्यंत, आत शिरून भुसा उकरता येईपर्यंत, या पाखरांना असंच उडत येऊन चोच मारत राहावं लागतं. मध्ये एकदा एकाने, म्हणजे नरच असावा, गवतातून सापसुरळी उचलली, फांदीवर डावीउजवीकडे आपटून आपटून मऊ केली आणि मादीला नेऊन दिली. तिने ती डोक्याकडून गिळली आणि लगेच उठून झाडावर चोच मारायला गेली.

तुआरा गुडघ्यांवर हात ठेवून हे बघत होता. एकदा टक् जरा जोरात झालं तेव्हा तो "हं" म्हणाला, सामन्यात कुणी बरा खेळल्यावर म्हणतात तसं.

आकाइती बराच वेळ उभी होती. पाखरं तिला आवडली. लहानपणापासून तिने ती कधी अशी बघितलीच नव्हती. परत फिरल्यावर, चढ चढताना, तिच्या डोक्यात आलं, की विणीचा मोसम संपत आलाय, आणि ही जोडी आता घर करायला लागलीय? एवढ्या उशिरा? आणि तांगाएओची एक जोडी आपल्या ओरडीच्या टप्प्यात दुसऱ्या जोडीला घर करू देत नाही, हे तर तिलाही लहानपणापासून ठाऊक होतं. मग घरच्या माडात कोण आहे?

ती अंगणात येऊन माडाखाली उभी राहिली आणि पहिल्यांदाच नीट वर बघितलं. ढोलीच्या तोंडातून वाळक्या गवताच्या काड्या बाहेर आल्या होत्या. वेफर्सच्या पाकिटाची एक लाल पट्टीही होती. तांगाएओ आत काडी नेत नाही, भुशावरच अंडी घालतो. ती बघत असतानाच एक साळुंकी तारेवरून उडाली, ढोलीच्या कडेला बसली, इकडेतिकडे बघितलं आणि चोचीतला नाकतोडा घेऊन आत शिरली. आतून तीच कालची चिरचिर झाली. पिवळ्या चोचीची, डोळ्यामागे पिवळी कातडी असलेली ही बया आकाइतीच्या ऑकलंडच्या घराबाहेर रोज गाडीवर नाचत असते. दोन दिवस ही अंगणात येत-जात असेल, पण साळुंकीकडे बघतं कोण?

पोको मावशी ओसरीवर पूपूच्या पिवळ्या गोगलगायींचे शंख ओवत बसली होती. शनिवारी थडग्यावर घालायची माळ अजून हातभर व्हायची होती.

"मावशी," आकाइती म्हणाली, "माडात साळुंक्या आहेत."

मावशीने सुई शंखातून ओढली. "आहेत."

"तुला ठाऊक होतं?"

"मला डोळे आहेत."

"आणि तेरेईला?"

"तो तर शिडीवर चढला होता, बाळा."

"मग बोलला का नाही?"

"तुझ्या बापाने त्याच्याकडे बघितलं नाही ना, म्हणून. खरं सांगू द्यायचं असतं तर बघितलं असतं."

आकाइती पायरीवर बसली. तिला पाद्रीबाबा आठवले. काल ते फाटकाशी थांबून मोठ्या आपुलकीने म्हणाले होते, पिल्लांना सांभाळा हो.

"पाद्रीबाबासुद्धा?"

"त्यांनी रविवारी प्रार्थनेत पिल्लांचं नाव घेतलं होतं. ते देवाशी बोलत होते, तुझ्याशी नाही."

सगळ्या गावाने मिळून तिला वेड्यात काढलं होतं. तिला एवढा संताप आला की कानशिलं तापली. चार हजार डॉलरची तिकिटं, रजेसाठी केलेल्या विनवण्या, आणि इथे एक म्हातारा सरकारी पाखराच्या आड लपून बसलाय. बेटावर साळुंकीला सरकारी पाखरूच म्हणतात. किडे खाईल म्हणून कुठल्याशा सरकारने ती आणून सोडली होती, आणि मग ती सरकारसारखीच जिथे नको तिथे जाऊन बसली.

"साळुंकीचं झाड पाडायला कोणाची हरकत आहे?" ती म्हणाली.

"कुणाची नाही. पण सरकारी पाखरू आहे. सरकारी कामाला वेळ लागतो."

"मावशी, मला हसू येत नाहीये."

पोको मावशीने माळ मांडीवर ठेवली. "ऑक्टोबरात तांगाएओच होता ग तिथे. खोटं नव्हतं ते. आठवडाभर चोची मारून त्यांनी ती ढोली पाडली. अंडीसुद्धा घातली. मग या भवान्या आल्या. अंडी खाली टाकली, त्या जोडीला टोचून टोचून हाकललं. तुझा बाप गलोल घेऊन दिवसभर इथे बसायचा. नेम कसला डोंबलाचा. न्हाणीच्या पत्र्याला भोक पडलं, साळुंकी तशीच."

"मला फोनवर सांगायचं होतं ना."

"तांगाएओ बसला हे सांगितलं. पुढचं सांगायचं राहिलं."

"यायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं!"

"कसं म्हणणार? शब्द दिलाय. तुआराला शब्द मोडता येत असता तर त्याला हे सोंग कशाला लागलं असतं?" मावशीने सुई पुन्हा उचलली. "तू काळजी करू नकोस. दगड बसला की तो येणार. येईल तुझ्याबरोबर, गुमान येईल. तुझ्या आईच्या लग्नात दाढी घेऊन आला तसा."

भांडायला जावं असं आकाइतीच्या मनात होतं, पण भांडायचं कशासाठी? ती तर जिंकलीच होती.

शनिवार चांगला झाला. डुकरं गुरुवारीच हलली आणि शनिवारी पहाटे जमिनीतल्या भट्टीत गेली. लोक ताट भरभरून जेवले. बीट घातलेली गुलाबी बटाट्याची कोशिंबीर संपली म्हणून दोन जावांमध्ये वाजलं. दगडावर मेरेआनाच्याच हातची गोधडी होती, लाल कापडावर पांढरी जास्वंदं टाचलेली. आकाइतीने एका बाजूने धरली, तुआराने दुसऱ्या. दगड उघडा पडल्यावर बायकांनी गळा काढला. तुआराने गोधडीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि ती मुलीच्या हातात दिली.

"तुझी," तो म्हणाला. "तिकडे थंडी असते."

माडावरून साळुंक्या कलकलत होत्या. मांडवातल्या एकाही माणसाने वर बघितलं नाही. इविरुआचे लोक मोठे सभ्य आहेत.

रविवारी चर्चहून आल्यावर तुआराने पेटी काढली. आकाइती दारात उभी राहून बघत होती. दोन पांढरे सदरे, बायबल, दाढीचं सामान, मेरेआनाचा हातपंखा. त्याने तारोचा वाफा तेरेईला सोपवला होता; पाणी कुठून फोडायचं, कुठला बांध खचतो, ते सगळं जेवताना समजावून झालं होतं. रबरी बूट हातात घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला.

"हे नकोत ना तिथे?"

"नकोत, पापा. तिथे सगळीकडे फरशी आहे."

त्याने बूट दाराबाहेर ठेवले, नेहमीच्याच जागी. मग पलंगावर बसला.

"तुझ्या त्या संस्थेतली म्हातारी माणसं," तो म्हणाला, "त्यांना सकाळी कितीला उठवता?"

"उठवावं लागत नाही. उठलेलीच असतात."

"मग काय करतात?"

"बसतात. खिडकीशी."

"खिडकीतून काय दिसतं?"

ती सांगणार होती, पण खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, आणि तिथे साळुंक्या असतात. "झाडं आहेत," ती म्हणाली. ती त्याला काही त्या संस्थेत ठेवणार नव्हती, तिच्या घरीच ठेवणार होती. पण ती दिवसभर कामावर, आणि घराला खिडकी होतीच.

कुणी कामाचे तास सांगितल्यावर माणूस डोलावतो तशी तुआराने मान डोलावली आणि सदऱ्यांची घडी पुन्हा एकदा नीट केली.

सोमवारी पहाटे तो तारोकडे गेला नाही. चर्चचे कपडे घालून, केसांना खोबरेल लावून, पेटीशेजारी ओसरीवर बसून राहिला. तेरेईची गाडी आली. पोको मावशीने दोघांच्या गळ्यात पूपूच्या माळा घातल्या आणि तुआराच्या माळेचा पीळ उगाचच दोनदा सरळ केला. तेरेईने पेटी उचलून गाडीत मागे टाकली, तिच्यावर आकाइतीची बॅग.

आकाइती अंगणात आईच्या दगडापाशी उभी होती. ती वळली आणि म्हणाली, "तेरेई, पापांची पेटी खाली घे."

"का?"

"तांगाएओची पिल्लं अजून माडात आहेत. तूच बघितलीस ना शिडीवर चढून?"

तेरेईने आईकडे बघितलं, मग तुआराकडे, मग माडाकडे. साळुंकी त्याच वेळी ढोलीच्या तोंडाशी येऊन बसली होती आणि मान खालीवर करत चार-पाच निरनिराळ्या आवाजांत ओरडत होती. चौघांनी ती बघितली.

"बघितली," तेरेई म्हणाला. "तीन होती. चौथी खाली दबलेली."

"मग त्यांना असं टाकून कसं चालेल? माड थडग्याकडे कललाय. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

"हवंच," पोको मावशी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला नाही जमायचं. माझे गुडघे."

तुआरा उठून उभा राहिला होता. तो मुलीकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे. तिला सगळं ठाऊक आहे हे त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे तिला. म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गावात कुणी त्याला लाजलेला बघितला नव्हता, लग्नातसुद्धा नाही.

"माझा शब्द आहे," तो म्हणाला.

"आहेच. मी कुठे सोडतेय? दगड बसला, आता पिल्लं उडू देत. तांगाएओची पिल्लं त्या ढोलीतून उडाली की या. त्याआधी मला नकोत तुम्ही."

तेरेईने पेटी उतरवून ओसरीवर ठेवली, जिथून उचलली होती तिथेच.

"तांगाएओची पिल्लं त्या ढोलीतून उडाली की येतो," तुआरा म्हणाला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, एकेक शब्द सुटा करून.

आकाइतीने त्याच्या खोबरेल लावलेल्या डोक्याला नाक टेकवलं आणि गाडीत तेरेईशेजारी जाऊन बसली. गोधडी मांडीवर घेतली. फाटकापाशी गाडी वळत होती तेव्हा तेरेई म्हणाला, बघ, हात करतायत. तिने मागे बघितलं नाही. तिचे डोळे भरून वाहत होते, आणि ते तेरेईने बघितले तर तिला चालणार होतं, पापांनी बघितले असते तर ते पेटी उचलून मागे धावले असते.